हात लावेल तो बसेल

नणंदेने भावजयीचं कौतुक केलं की लोकांना वाटतं, हिचं काहीतरी काम अडलंय. माझं काही अडलेलं नाही. मी हेलिकॉप्टरच्या कारखान्यात कॅन्टीन चालवते, माझ्या चहाशिवाय हँगरमधलं पान हलत नाही, तेव्हा अडलंच तर दुसऱ्यांचं अडतं. पण माझ्या वहिनीला हँगरमधून काढून स्टोअरमध्ये का बसवलं, याबद्दल कारखान्यात जे जे बोललं गेलं ते मी या कानांनी ऐकलंय. बोलणाऱ्यांतले निम्मे अजून माझ्याच काउंटरवर रांगेत उभे असतात. म्हणून एकदाचं सगळं सांगून टाकते. ज्याला झोंबेल त्याने घरून डबा आणावा.

वहिनी फिटर. लग्न ठरलं तेव्हा आईला एवढंच सांगितलं होतं की मुलगी कारखान्यात आहे, आणि आईने आपली समजूत करून घेतली की कुठेतरी ऑफिसात फायली लावत असेल. लग्नानंतर पहिल्याच सोमवारी वहिनी निळी डांगरी चढवून, केस घट्ट बांधून, जाडजूड बूट घालून स्वयंपाकघरात आली, तेव्हा आई नुसती बघत राहिली. मग तिने मला विचारलं, "ही काय गॅरेजात जाते का गं?" उत्तर वहिनीनेच दिलं. "गॅरेजच म्हणा ना आई. फक्त आमची गाडी वर जाते." दादा शहरातली बस चालवतो. तो चहाचा घोट घेत म्हणाला, "चला, म्हणजे रस्ता माझा, आकाश हिचं. भांडायला जागाच नाही." आईला त्यावर हसूही येईना आणि रागही धरता येईना.

हँगरमधले तिला वंगणबाई म्हणायचे. चिडवायला म्हणायचे हो, मानाने नाही. हिने काय करावं? आपल्या हत्यारांच्या पेटीवर पांढऱ्या रंगाने मोठ्या अक्षरात तेच लिहून ठेवलं. मग चिडवणाऱ्यांची मजाच गेली. असा सगळा स्वभाव. तिला चिमटा काढला तर ती ओरडत नाही, दुसरा हात पुढे करते.

आता त्या हेलिकॉप्टरबद्दल सांगायला हवं. सरकारी कागदावर त्याचं नाव भारदस्त आहे, ते बोलायला दम लागतो. हँगरमध्ये सगळे त्याला घरची म्हणतात. घरची, कारण आधीची सगळी परदेशातून आणलेली होती आणि त्यांना म्हणायचे पाहुणी. नाव अगदी बरोबर होतं. पाहुणीचा एक भाग बिघडला की तो समुद्रापलीकडून यायचा. त्याच्यासोबत त्यांचा माणूस यायचा, त्याला आमचं पाणी चालायचं नाही, जेवण चालायचं नाही, आणि आमच्या फिटरांनी पान्याला हात लावलेला तर अजिबात चालायचा नाही. दोन सरकारांचं जरा बिनसलं की भाग येणंच बंद. मग पाहुणी आमच्याच अंगणात पांघरूण घेऊन पडून राहायची आणि वर डोंगरात आमची माणसं वाट बघत बसायची.

घरची इथे आखली, इथे घडवली आणि इथल्याच लोकांनी तिला नावं ठेवली. वर्तमानपत्रात यायचं, यांना साधा पंखा धड बनवता येत नाही, हे काय हेलिकॉप्टर उडवणार! उचलली जीभ लावली टाळ्याला. पण ती उडाली. नुसती उडाली नाही, सगळ्या कामाला लागली. खुर्च्या काढल्या की आजारी माणसांची स्ट्रेचर बसतात. दोन्ही बाजूंना हत्यारं लावली की लढाईला तयार. पुरात छपरावरची माणसं दोराने ओढून घेते. समुद्रात जहाजावर उतरते आणि जागा कमी पडते म्हणून पाती मिटून बसते. वहिनी म्हणायची, "घरातल्या बाईसारखी आहे. सगळी कामं हिचीच, आणि जरा कुठे चुकलं की लगेच सगळे म्हणणार, मी सांगितलं नव्हतं?"

घरचीबरोबर एक रीतही जन्माला आली. कुठल्या नियमात ती लिहिलेली नाही. पहिलं मशीन पहिल्यांदा दुरुस्त झालं तेव्हा चालवणाऱ्या वैमानिकाने म्हाताऱ्या मिस्त्रींना विचारलं म्हणे, "नक्की ठीक आहे ना?" मिस्त्री म्हणाले, "नक्की." वैमानिक म्हणाला, "मग चला मागे बसा." मिस्त्री पाना ठेवून मागे जाऊन बसले. तेव्हापासून ठरून गेलं, हात लावेल तो बसेल. मोठं काम झालं की पहिल्या उड्डाणाला ज्याचा हात शेवटचा लागला तो मागच्या सीटवर. वैमानिक पट्टा बांधतो, मान वळवून मागे बघतो, तो चेहरा दिसला की मगच पंखा फिरवतो. आणि एवढ्या वर्षांत कोणी नाही म्हटलेलं नव्हतं. कोण म्हणेल? नाही म्हणणं म्हणजे आपलं काम कच्चं, असं स्वतःच्या तोंडाने कबूल करणं. नाहीतर भित्रं. त्यापेक्षा माणूस डोळे मिटून बसेल.

वहिनीने पहिल्यांदा शेपटीच्या पंख्याचं काम केलं तेव्हा तिला म्हणाले, बाई, तुम्हाला सूट आहे, तुमच्याऐवजी दुसरा बसेल. काय ती माया! वहिनी सरळ मशीनच्या नाकासमोर जमिनीवर बसली. "सूट द्यायची तर कामात द्या. काम माझं आणि बसणार हा? मग माझं काम उतरवा आणि याच्याकडून परत करून घ्या." मी तेव्हा पिवळ्या रेघेपाशी चहाची गाडी घेऊन उभी होते. त्या रेघेपलीकडे चहा न्यायला बंदी आहे, सांडला तर काय घ्या. नवीन लग्न झालेली आमची सून भर हँगरमध्ये मांडी घालून बसलेली बघून मला घाम फुटला. वैमानिक होते कप्तान. तेव्हा त्यांच्या मिशीत एकही पांढरा केस नव्हता. ते हसले आणि म्हणाले, "येऊ द्या हो. वजनाने तर हलकीच आहे." वहिनी गेली, वर पोटातलं सगळं पिशवीत रिकामं केलं, हिरवीगार होऊन खाली उतरली आणि तोंड पुसत म्हणाली, "परत कधी?"

त्यानंतर ती किती वेळा बसली याचा हिशोब कोणी ठेवला नाही. एक हिवाळा तर ती डोंगरातल्या तळावर राहून आली. तिथे मशीन गोठू नये म्हणून रात्री पांघरुणं घालायची आणि सकाळी हातमोज्यांतून बोटं वळत नसताना बोल्ट फिरवायचे. आई इकडे रोज पुटपुटायची. तिथे एका जवानाला वरच्या चौकीवरून आणलं होतं. श्वास लागलेला, ओठ निळे. त्याला मोठ्या इस्पितळात न्यायला घरचीत ठेवलं, तेव्हा त्याने वहिनीची बाही धरली आणि विचारलं, "ताई, हे खाली पोचेल ना?" वहिनी म्हणाली, "पोचेल. मी हात लावलाय." तो पोचला. परत आल्यावर हे सांगताना ती म्हणाली, "बघ ना, त्याने वैमानिकाला नाही विचारलं, मला विचारलं." एवढं बोलून ती आईच्या पायांना तेल लावायला गेली.

आता मूळ गोष्ट. डोंगरातल्या त्याच तळावरची घरची दुसरीकडे हलवली होती, तिच्या जागी एक नवं मशीन तयार झालं होतं. पहिल्या चाचण्यांत जरा जास्त थरथरत होतं, म्हणून वहिनीने मुख्य गिअरबॉक्स ज्यावर बसतो ते आधार बदलले. हात तिचा. सुपूर्द करायचा दिवस ठरलेला. मैदानात मांडव, खुर्च्या, वाजंत्री, वरून आलेले पाहुणे, फौजेचे लोक. पाहुण्यांसमोर एक छोटं उड्डाण, मग किल्ली फौजेच्या हातात आणि मशीन त्याच दिवशी डोंगराकडे. घाई होती आणि ती खोटी नव्हती. बर्फ सुरू झालं होतं, खिंड बंद व्हायच्या बेतात होती. एकदा बंद झाली की वरच्या चौक्यांना फक्त हवेतूनच रस्ता.

हँगरचे प्रमुख म्हणजे आमचे साहेब. त्यांना मी चार शब्द सुनावणार आहे, पण आधी खरं तेही सांगते. घरचीला सगळे हसत होते तेव्हा त्या माणसाने दारोदार जाऊन तिची बाजू मांडली होती. त्यांच्या डोक्यावरचे केस तिच्यापायीच गेले. त्या दिवसाकडे ते डोळे लावून बसले होते, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही बसले असते.

सकाळी मशीन जमिनीवरच सुरू करून बघितलं. वहिनी आत, मागच्या सीटवर. बंद झाल्यावर उतरली ती थेट साहेबांकडे. तेव्हा ते माझ्याच गाडीपाशी चहा घेत होते, त्यामुळे मधे कोणी तिखटमीठ लावायला नव्हतं.

"साहेब, थरथर आहे."

"असणारच. हेलिकॉप्टर आहे, पाळणा नाही."

"काल नव्हती अशी आहे. तळपायाला लागते."

साहेबांनी यंत्रावरचे आकडे मागवले. आकडे मर्यादेत. त्यांनी ते तिच्यासमोर धरले. वहिनी म्हणाली, "आकडे खोटे आहेत असं मी म्हणतच नाही. मला गिअरबॉक्स उघडून बघू द्या."

"आज?" साहेबांचा आवाज चढला. "बाहेर मांडव भरलाय. तळपायावर फौज चालत नाही, बाई!"

"फौज तळपायावरच चालते, साहेब."

मला हसू आवरेना, मी गाडीखाली वाकून उगाच कप शोधायला लागले. साहेबांना ते अजिबात आवडलं नाही. ते म्हणाले, "आकडे बरोबर आहेत. मशीन जाणार." आणि कप माझ्या गाडीवर आपटून निघून गेले. त्याचा कान तुटला. कपाचा.

मशीन मैदानात ओढून नेलं. कप्तान पुढे बसले. वाजंत्री थांबली. वहिनी दाराशी आली, नेहमीसारखा मशीनच्या अंगावर तळवा ठेवला, एक पाय पायरीवर ठेवला. आणि तो परत खाली घेतला.

"मी नाही बसत," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण तिथे असलेल्या प्रत्येक फिटरला तो ऐकू गेला. पहिल्या क्षणी माझ्या मनात काय आलं असेल? हिने ज्या सीटसाठी जमिनीवर बैठक मारली होती, ती सीट ही सगळ्या जगासमोर सोडते आहे. बाई गं, कसं करतेस हे?

साहेब धावत आले. "डोकं ठिकाणावर आहे का? सगळे बघतायत."

"बघू देत."

मागून कोणीतरी म्हणालं, "बाई घाबरली." कोणीतरी कशाला, पोपट म्हणाला. आमच्याकडे एक फिटर आहे, तोंडाला कुलूप नाही, त्याला सगळे पोपट म्हणतात. तो म्हणाला आणि बाकीच्यांना शब्द मिळाला. घाबरली, घाबरली, घाबरली. तेव्हापासून पोपटाला चहा कोमट मिळतो, आणि का ते त्याने मला कधी विचारलेलं नाही.

मग साहेबांनी जे केलं त्याची मला खरंच अपेक्षा नव्हती. त्यांनी एकाच्या हातातलं हेल्मेट घेतलं, डोक्यावर घातलं आणि म्हणाले, "तुम्ही नका बसू. मी बसतो." गेले की हो आत! पट्टा उलटा बांधला, पण बांधला. मांडवातल्या पाहुण्यांना वाटलं हे सगळं ठरलेलंच आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

वहिनी दारापाशी गेली. "साहेब, उतरा. तुम्ही शूर आहात, त्याबद्दल कोणाला शंका नाही. पण तुमचा हात लागलेला नाही. तुम्ही बसलात तर नुसतं वजन वाढेल."

कप्तानांनी मान वळवून मागे बघितलं. साहेबांचा चेहरा दिसला. त्यांनी परत पुढे बघितलं आणि एकेक बटण बंद करून खाली उतरले. म्हणाले, "मला मागे जो चेहरा लागतो तो नाहीये." एवढंच. त्यांना हँगरमध्ये कोण काय बोलणार? सगळ्या शिव्या वहिनीच्या वाट्याला.

फौजेचा जो अधिकारी मशीन न्यायला आला होता, तो तिच्याकडे आला. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने शांतपणे विचारलं, "वर माझी माणसं आहेत. किती वेळ लागेल?" वहिनी म्हणाली, "माहीत नाही. उघडल्यावर कळेल." त्याने मान हलवली आणि गेला. मी पाहुण्यांना चहा दिला. कोणी कपाकडे बघत नव्हतं, सगळे तिच्याकडे बघत होते.

घरी आलो तर बातमी आमच्या आधी पोचलेली. आईने वहिनीच्या गालांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरं झालं बाई नाही बसलीस. देवाने सुबुद्धी दिली. मला रोज धाकधूक." आई प्रेमाने बोलली होती. वहिनी उसळली. "आई, मी घाबरून नाही उतरले! निदान या घरात तरी तसं म्हणू नका." आईचा चेहरा एवढासा झाला. मग वहिनीलाच वाईट वाटलं, तिने आईला जेवायला वाढलं, आणि दोघी एकमेकींकडे न बघता जेवल्या. दादा म्हणाला, "डेपोवाले म्हणतात ब्रेक ठीक आहे, पण पायाखाली मऊ लागला तर मी बस काढत नाही. प्रवासी माझ्या सात पिढ्या उद्धारतात. उद्धारू देत." नवरा असावा तर असा, हे मी त्याला तोंडावर कधी सांगणार नाही.

कप्तान उडवेनात, तेव्हा गिअरबॉक्स उघडावाच लागला. शहाणीसुरती माणसं भिंग घेऊन वाकली, वहिनीही वाकली. आता तुम्हाला वाटत असेल, काहीतरी भयंकर सापडलं आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. तसं झालं असतं तर मला ही गोष्ट सांगावीच लागली नसती, पोपटानेच सांगितली असती. काहीही सापडलं नाही. तडा नाही, झीज नाही, चुकीचा बोल्ट नाही. आधार व्यवस्थित, दाते व्यवस्थित. सगळं लख्ख.

मग काय विचारता! हात दाखवून अवलक्षण. कॅन्टीनमध्ये ती आली की कोणीतरी टेबलाखाली पाय थरथरवायचं आणि बाकीचे खिदळायचे. वहिनी आपलं ताट घेऊन त्याच टेबलावर जाऊन बसायची. "थरथरव अजून. जरा डावीकडे जास्त होती." एकदा आपणच पायाने दाखवलं कशी होती ते. हसणाऱ्यांचा घास घशात अडकला.

साहेबांनी तिला बोलावून तोडगा सुचवला. त्यांना तिचं वाईट करायचं नव्हतं, हे मी अजून म्हणते. त्यांनी सांगितलं, त्या दिवशी तब्येत बरी नव्हती, चक्कर आली, एवढं लिहून द्या. प्रकरण मिटलं. नाहीतर मला वर उत्तर द्यायचंय, तुम्हाला हँगरमध्ये ठेवता येणार नाही, स्टोअरमध्ये जावं लागेल. मला हे कळलं तेव्हा मीच तिला म्हणाले, "लिहून टाक ना. काय जातंय तुझं? चक्कर काय, मलाही येते."

ती मला एरवी नावाने हाक मारते. चिडली की वन्सं म्हणते. "वन्सं, माझी तब्येत ठणठणीत होती. आणि भीतीही नव्हती. शंका होती. उद्या मी चक्कर लिहून दिली, तर पुढे जो कोणी बसणार नाही त्याला चक्करच आलेली असेल. शंका येण्याची सोयच राहणार नाही. आणि ज्या सीटवर नाही म्हणता येत नाही, त्या सीटवर मी बसले काय आणि पोतं ठेवलं काय, कप्तानांना काय कळणार?"

मी पुन्हा चक्करचं नाव काढलं नाही.

तिने लिहून दिलं नाही. बदलीचा कागद आला, पुढच्या सोमवारपासून स्टोअर. तिने एकच मागणी केली, उघडलेला गिअरबॉक्स मी बंद करणार, मग जाते. साहेबांनी तेवढं दिलं.

आणि ती तो बंद करत असतानाच डोंगरावरून बातमी आली. चौकीवरचा एक जवान, पाय बर्फात गोठलेले. पाहुणी भागाची वाट बघत पडलेली, घरची आमच्याकडे उघडून ठेवलेली. सोबत्यांनी त्याला खांद्यावरून खाली आणलं. जीव वाचला. पायाची बोटं गेली.

साहेब कॅन्टीनमध्ये आले, सगळ्यांसमोर. त्यांचे डोळे लाल होते, ते रागाने की कशाने, मी सांगू शकत नाही. म्हणाले, "बाई, तुमच्या तळपायापायी एकाच्या पायाची बोटं गेली."

पोपटाने मान खाली घातली. वहिनीच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं, ओठ पांढरे पडले. मला वाटलं, आता खरंच चक्कर येते. तिने टेबलाची कड धरली.

"गेली," ती म्हणाली. "ती माझ्या माथी. मी नाही म्हणणार नाही, कधीच म्हणणार नाही. पण साहेब, परत तसं लागलं तर मी परत नाही बसणार."

साहेब वळून गेले. वहिनी काउंटरच्या आत आली, भांडी घासायच्या जागी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि हमसून हमसून रडली. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून मी दोन्ही नळ सोडले आणि पातेली आदळत बसले. कोणाची तरी बोटं गेली होती, खरी बोटं, आणि ती बरोबर होती की नाही हे देवालाही माहीत असेल की नाही कोण जाणे. मला तिच्यासाठी इतकं तुटत होतं, आणि तरी त्या क्षणी कोणी मला विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, त्या मशीनमध्ये माझा माणूस बसणार असेल तर त्याला हात हिचाच लागू दे.

तिने गिअरबॉक्स बंद केला. तेच आधार, तेच बोल्ट, एकही भाग बदलला नाही. जमिनीवर सुरू करून बघितलं. ती आत बसून, बूट काढून, मोज्यांवर. उतरली आणि म्हणाली, "नाही." थरथर नव्हती. कशाने गेली? कोणाला माहीत. बसताना काहीतरी नीट बसलं असेल. साहेब म्हणाले, ती कधी नव्हतीच. आकडे तेव्हाही मर्यादेत होते आणि आताही होते. यावर आजही हँगरमध्ये वाद घालता येतो, घालणाऱ्यांना मी पैसे घेऊन चहा देते.

उड्डाणाला या वेळी मांडव नव्हता, वाजंत्री नव्हती. फौजेचा तो अधिकारी बॅग घेऊन उभा होता. शुक्रवार होता, म्हणजे वहिनीचा हँगरमधला शेवटचा दिवस. ती पिवळ्या रेघेपाशी माझ्याजवळ उभी होती, कारण साहेबांनी मागच्या सीटसाठी पोपटाला नेमलं होतं. त्यांना परत तमाशा नको होता, समजू शकते मी.

पोपट हेल्मेट घेऊन दारापर्यंत गेला. तिथे थांबला. त्याने डोकं खाजवलं, आमच्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं.

"आता तुला काय झालं?" साहेब ओरडले.

"साहेब, हात वंगणबाईचा आहे," पोपट म्हणाला. "मी कसा बसू?"

आणि त्याने ते हेल्मेट आणून वहिनीच्या हातात दिलं. तिच्याकडे न बघता दिलं, पण दिलं. कप्तान पुढच्या सीटवर बसूनच होते, मान मागे वळवलेली, वाट बघत.

वहिनी हेल्मेट घेऊन निघाली. साहेबांच्या समोरून जावं लागत होतं. ते आडवे आले नाहीत, पण त्यांना गप्प राहवलंही नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "काय बाई, आज आला वाटतं धीर?"

वहिनी थांबली. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली अडकवत तिने त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"धीर त्या दिवशी लागला होता, साहेब," ती म्हणाली. "आज नुसतं बसायचंय."

आणि ती जाऊन बसली.